घड्याळजीचा खोकला

आमच्या कारखान्यात गणवेश शिवले जातात. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे. खालच्या मजल्यावर यंत्रांची खडखड इतकी असते की तिथली माणसं घरी गेल्यावरही मोठ्यानं बोलतात. वरच्या मजल्यावर फिनिशिंगची खोली आहे. तिथं बटणं लागतात, काजं होतात, उरलेले धागे कापले जातात, इस्त्री फिरते आणि घडी पडते. सगळं हातानं, म्हणून शांत. या खोलीला लागून प्लायवूडची अर्धी भिंत आहे आणि भिंतीच्या अलीकडे माझं टेबल. कारखान्याचे हिशेब मी पाहतो. अर्धी भिंत नजर अडवते, आवाज अडवत नाही. त्यामुळे जन्मभर आकड्यांत काढलेल्या माझ्यासारख्या माणसानं गेल्या काही वर्षांत इतक्या कादंबऱ्या ऐकल्या आहेत की वाचनाचा शौक असलेल्यांनीही तितक्या वाचल्या नसतील. सगळ्या एकाच बाईच्या आवाजात.

त्यांना सगळे काजेकाकू म्हणतात. वयानं त्या माझ्याएवढ्याच, पण नाव पडलं ते पडलं, म्हणून मीही काकूच म्हणतो. यंत्र काज पाडतं, हे खरं. पण जाड कापडाच्या कोटाला हातचं काजच शोभतं. काकूंचं काज असं असायचं की खालचे कारागीर कोट उलटा करून बघायचे, टाका नेमका कुठं संपला ते सापडतं का म्हणून. मग त्यांच्या बोटांचे सांधे धरले. सुई पकडली की निसटायची. आमच्याकडे मजुरी नगावर असते. नग कमी झाले की माणूस आपोआप कमी होतं, त्याला कुणी काढावं लागत नाही.

त्याच सुमाराला खोलीतला रेडिओ बंद पडला. खोलीत सर्वांत ज्येष्ठ त्या बटणवाल्या मावशी. त्या म्हणाल्या, “अगं काकू, तू आम्हाला वर्तमानपत्र तरी वाचून दाखव. रेडिओ गेल्यापासून या इस्त्रीवाल्याचं गाणं ऐकावं लागतंय.”

“माझ्या गाण्याला काय झालं?” इस्त्रीवाला म्हणाला.

“काही नाही झालं. म्हणून तर संपत नाही.”

काकूंनी वाचायला सुरुवात केली आणि खोलीनं ते परत थांबू दिलं नाही. वर्तमानपत्र चहापर्यंत संपायचं, मग गोष्टी आल्या, मग कादंबऱ्या. त्यातून एक रीत पडली. संध्याकाळी प्रत्येकानं आपल्या ढिगातले थोडे नग उचलून काकूंच्या ढिगात ठेवायचे. याला ‘वाचणारीचा वाटा’ म्हणत. मालक एकदा दारात उभे राहून सगळा प्रकार बघून गेले. काम अडत नाही एवढं त्यांना पुरेसं होतं. उलट जिना उतरताना मला म्हणाले, “त्या विहिरीवरच्या माणसाचं पुढं काय झालं ते कळवा.”

वाट्याच्या बदल्यात खोलीची एकच अट होती: पुस्तकात जे आहे ते सगळं वाचायचं. एकदा काकूंनी जंगलाचं लांबलचक वर्णन गाळलं होतं. इस्त्रीवाल्यानं लगेच पकडलं. “काकू, आत्ता तर माणूस रस्त्यावर होता, एकदम नदीकाठी कसा? टाका सोडलात तुम्ही.” तेव्हापासून ते वाक्यच झालं. वाचणारीनं टाका सोडायचा नाही.

पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे, कारण वाचनालयाचं कार्ड माझ्याकडे होतं. मला साहित्यातलं फारसं कळत नाही. मी जाडी बघून आणत असे.

काकूंच्या घरी त्या आणि त्यांची सून, दोघीच. मुलगा आजारपणात गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. सून चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना भिंग लावून अक्षरं वाचायला लावायची, फ्रेम बसवून द्यायची. काकू तिच्याबद्दल बोलायच्या ते असं, “सून कसली, माझा उजवा हात आहे तो.” आणि खरंच होतं ते. सांधे धरल्यापासून काकूंची वेणीसुद्धा तीच घालत होती.

त्या चष्म्याच्या दुकानात दिवे बसवायला एक वायरमन आला होता. दिवे बसले, तरी तो येत राहिला. वर्षभरापूर्वी एका संध्याकाळी तो काकूंच्या घरी आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि म्हणाला, “आई, तुमची हरकत नसेल तर मला हिच्याशी लग्न करायचंय.” काकूंनी त्याला चहा दिला आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, “मी कुठं अडवलंय? तिचं आयुष्य तिचं आहे.” त्याच आठवड्यात काकूंना गरगरायला लागलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, सुनेनं रजा काढली. लग्नाचा विषय मागं पडला. पुढं जेव्हा जेव्हा तो निघाला, तेव्हा तेव्हा कधी गुडघा, कधी छातीत धडधड.

आता त्या वायरमनला दुसऱ्या गावी वीज केंद्रात नोकरी लागली होती. राहायला जागाही मिळणार होती. हा हंगाम संपला की त्यानं रुजू व्हायचं होतं. त्याआधी काय ते सांग, असं त्यानं सुनेला म्हटलं होतं. ती ना हो म्हणत होती, ना नाही.

हे सगळं आम्हाला काकूंनीच सांगितलेलं. “मी तिला स्वच्छ सांगितलंय,” त्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाल्या. “जायचं तर खुशाल जा. माझं मी बघीन. अजून काय करायचं माणसानं?”

“काकू, तू म्हणजे सोनं आहेस,” मावशी म्हणाल्या. धागे कापणारी बाई, जिला सगळे धाकटी म्हणतात, तिनंही मान डोलावली. तिला स्वतःला सासू होती.

अशात मी ती कादंबरी आणली. नेहमीप्रमाणे जाडजूड. बांधणी नवी घातलेली, त्यात नावाचं पान गेलेलं. गोष्ट एका म्हाताऱ्या घड्याळजीची आणि त्याच्या अनाथ भाचीची. हा घड्याळजी भाचीला कशालाच नाही म्हणत नाही. तिला शेजारच्या गावचा शाळामास्तर मागणी घालतो. घड्याळजी म्हणतो, “जा की बाळ, मी का तुझा हात धरलाय?” आणि लगेच खोकतो. मास्तर दारात दिसला की खोकला. भाची नवी साडी नेसली की खोकला. मास्तर गेला की खोकला गायब, आणि म्हातारा भिंग डोळ्याला लावून पुन्हा घड्याळात डोकं घालतो.

काकूंनी या घड्याळजीचं सोनं केलं. आवाज बारीक, थरथरता. मग शब्द अर्धवट तोडून तो खोकला. आधी एक छोटा, मग थांबून, समोरच्यानं ऐकलं की नाही याचा अंदाज घेऊन, दुसरा मोठा. खोलीत सुया थांबायच्या. इस्त्रीवाल्यानं हसता हसता एका डॉक्टरच्या कोटाची बाही जाळली. कुणाला लवकर घरी जायचं असलं की बाकीचे सुरात म्हणायचे, “जा की बाळ, मी का तुझा हात धरलाय?” आणि सगळे मिळून खोकायचे.

गंमत अशी की घड्याळजी कोण, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

“हा माझा सासरा,” इस्त्रीवाला म्हणाला. “लिहिणाऱ्यानं त्याला पाहिल्याशिवाय लिहिलेलं नाही.”

“छे, हा तर माझा धाकटा दीर,” मावशी म्हणाल्या. “वाटणी झाली तेव्हा असाच खोकत होता.”

धाकटी म्हणाली, आमचे घरमालक. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खालच्या मजल्यावरचे सुपरवायझर आले, पण मी बोललो नाही.

“आणि काकू, तुमचा कोण?”

“माझ्या सासूबाई,” काकू म्हणाल्या. “खोकला तर त्यांचाच घेतलाय मी. मेल्या तरी कानातून गेला नाही.”

ज्या दिवशी हे सगळं फिरलं, त्या दिवशी काकूंकडे स्वतःचा चष्मा नव्हता. दांडी निघाली होती म्हणून सुनेनं तो दुकानात नेला होता. काकू मावशींचा चष्मा लावून वाचत होत्या आणि अक्षर नीट लागत नसल्यानं पुस्तक अगदी नाकाशी धरून बसल्या होत्या. मास्तर घड्याळजीच्या भाचीला घेऊन जत्रेचा तंबू बघायला जाणार, असा प्रसंग होता. भाची चपला घालते. घड्याळजी भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तो म्हणतो, “तू तुझं बघ पोरी. माझं औषध मी शोधीन.” आणि खोकला.

काकूंनी तो असा काही काढला की मी इकडे पेन खाली ठेवलं. पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. त्या हसण्यात एक हसू नवं होतं. मी उठून भिंतीवरून पाहिलं. दारात काकूंची सून उभी होती, हातात चष्म्याची डबी. तिलाही हसू फुटलं होतं. आपलं गुपित दुसऱ्यानं अचूक ओळखल्यावर फुटतं तसं. पण अर्ध्यावरच तिनं ओठ आवळले आणि मान खाली घातली.

काकूंनी चष्म्यावरून वर पाहिलं. जवळचं दिसत नव्हतं, तरी लांबचं त्यांना स्वच्छ दिसतं. दुसरा, मोठा खोकला यायचा होता, तो आलाच नाही.

“आई, दांडी बसवलीय,” सून म्हणाली. “स्क्रू थोडा घट्ट आहे. जपून उघडा.” डबी मावशींच्या हातात देऊन ती जिना उतरून गेली.

काकूंनी आपला चष्मा लावला. पान सापडलं. बोट ओळीवर ठेवलं. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, “आज एवढंच. डोळे दुखतात.”

“स्वतःच्या चष्म्यानं?” इस्त्रीवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वाचायला घेतलं तेव्हा आवाज सपाट होता. घड्याळजी बाजारात तेल विकत घेत होता.

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली. “थांबा. काल हा अंथरुणावर होता. बरा कधी झाला?”

“झाला बरा.”

“कुठल्या पानावर?”

“ती पानं वाळवीनं खाल्लीत.”

“वाळवी?” तो भिंतीकडे वळला. “साहेब, तुम्ही वाळवीचं पुस्तक आणलंत?”

पुस्तक माझ्या कार्डावर होतं. मी म्हणालो, “आणलं तेव्हा गोष्टीची सगळी पानं होती.” मला गप्प बसता आलं असतं. पण वाचनालयात मलाच तोंड द्यावं लागलं असतं.

मावशींनी हातातला सदरा मांडीवर ठेवला. “काकू, आम्ही तुझ्या वाट्याला बिनबटणाचे नग टाकतो का?”

“नाही.”

“मग?”

“मला तो म्हातारा वाचवत नाही.”

“का बाई? परवापर्यंत तर तुझा लाडका होता. तुझ्या सासूबाई ना त्या?”

“परवापर्यंत होत्या,” काकू म्हणाल्या.

मावशी उठल्या. मग पुस्तक घेऊन धाकटीच्या हातात दिलं. “तू वाच. गाळलेलं आधी.” आणि काकूंपुढे आपल्या डब्यातली बटणं सरकवली. “तू ही लाव. मोठ्या भोकांची आहेत, जाड सुई चालेल, निसटणार नाही.”

धाकटीला वाचनाची सवय नव्हती. ती शब्दाखाली बोट ठेवून, जोडाक्षरापाशी श्वास घेऊन वाचत होती. खोकला छापला होता तसाच तिनं वाचला, ‘खो, खो’. त्यात काही गंमत राहिली नाही. गोष्ट तीच, पण काकूंच्या आवाजाची झूल काढल्यावर खाली भलतंच जनावर निघालं. भाची चपला काढते. दाराबाहेर उभ्या मास्तरला जाऊन सांगते की आज जमणार नाही. मास्तर विचारतो, उद्या? ती दार लोटते. परत येऊन ती मामाचं डोकं दाबत बसते. तेवढ्यावर ते प्रकरण संपत नाही. शेवटची ओळ धाकटीनं नीट, एका दमात वाचली: “त्या रात्री घड्याळजी पोटभर जेवला.”

संध्याकाळी नग तपासताना एका सदऱ्याची सगळी बटणं काजांच्या बाजूला लावलेली सापडली. कुणाचं काम ते विचारावं लागलं नाही. मावशींनी ती गुपचूप उसवली.

सगळे गेल्यावर काकू पुस्तक परत द्यायच्या निमित्तानं माझ्या टेबलापाशी आल्या.

“साहेब, माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही का हो?”

मी बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

“काल सकाळी ती कामाला निघाली होती. संध्याकाळी तो भेटणार होता तिला. मी म्हटलं, तू तुझं बघ, माझ्या गोळ्या मी शोधीन. हेच. जवळपास याच शब्दांत. आणि इतके दिवस मी समजत होते, घड्याळजी म्हणजे आमच्या सासूबाई.”

“तुम्ही काही सोंग करत नव्हता,” मी म्हणालो.

“तेच तर वाईट. खरंच गरगरायचं. सोंग असतं तर मला तरी कळलं असतं.”

मी जन्मभर प्रश्न सोडवले ते सरळ वजाबाकीनं. म्हणालो, “मग आता तिला सांगून टाका, जा म्हणून.”

“वर्षभर तेच सांगतेय. तोही तेच सांगतो ना, जा की बाळ. मी ‘जा’ म्हटलं की ती थांबते. दुसरा शब्द असेल तुमच्याकडे तर द्या.”



पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. काही काकूंकडून, काही त्या वायरमनकडून.

सुट्टीच्या दिवशी काकू घरची इस्त्री पिशवीत घालून वायरमनच्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची खोपटी. माणूस आत शिरला की पंखे बाहेर काढावे लागतात. त्यानं इस्त्री उघडली, तार तपासली, लावून बघितली.

“आई, ही चांगली चालतेय.”

“माहीत आहे.”

“मग?”

“काहीतरी हातात घेतल्याशिवाय तुझ्या दुकानात यायची लाज वाटली.”

त्यानं स्टूल पुसून दिलं. काकू बसल्या. लोंबणाऱ्या वायरींकडे बघून त्यांनी विचारलं, “तिकडच्या जागेत स्वयंपाकघराला खिडकी आहे का?”

“आहे. सकाळचं ऊन येतं म्हणे.”

“ते बरं झालं. तिला उजेडाशिवाय सुचत नाही. दिवसभर डोळ्यांचंच काम करते.” मग म्हणाल्या, “आणि आता नीट ऐक. तुम्ही तिकडे गेलात आणि मला चक्कर आली, असं कळलं, तर धावत यायचं नाही.”

“असं कसं, आई?”

“आधी शेजारणीला फोन करायचा. तिच्याकडे किल्ली देऊन ठेवतेय. ती बघून सांगेल खरी किती आणि बाकीची किती. मला विचारू नका. मला ते कळत नाही.”

वायरमन मला म्हणाला, लग्नाची परवानगी अशी कुणाला मिळाली असेल असं वाटत नाही. त्यानं इस्त्री परत पिशवीत घालून दिली आणि काकूंनी फार आग्रह केला तरी हात लावण्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी सून कपडे वाळत घालत होती. काकूंनी पिशवी ठेवली आणि उभ्यानंच म्हणाल्या, “मी तुला जा म्हणत होते ना, ते थांब म्हणून म्हणत होते. तुला कळत होतं?”

सून हातातली चादर झटकायची थांबली. “कळत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला खरंच चक्कर यायची, आई.”

दोघी चादरीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. काकूंनी आपल्या बाजूचं टोक धरलं. “तू गेलीस की मला फार वाईट वाटणार आहे,” त्या म्हणाल्या. “भीती वाटणार आहे. वेणी कोण घालणार, इथपासून सगळी. हे बोलायचं सोडून मी वर्षभर आजारी पडत होते. आता बोलून झालं. तू काय ठरवायचं ते ठरव. आजचा चहा मी करते.”

मी मागाहून विचार केला तेव्हा लक्षात आलं, काकूंना हवा होता तो दुसरा शब्द हाच होता. वजाबाकीनं तो मला सापडला नसता.

सुनेनं वायरमनला हो सांगितलं. लग्नाच्या नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून मी आणि इस्त्रीवाला गेलो. मी, कारण माझी सही सारखी येते. इस्त्रीवाला, कारण त्यानं स्वतःच जाहीर केलं की तो येणार आणि नवऱ्याच्या सदऱ्याला तोच इस्त्री करणार. कार्यालयाच्या पायऱ्या उंच होत्या. काकूंनी आधाराला माझा हात धरला आणि मी चमकलो. हात तव्यासारखा तापला होता.

“काकू, तुम्हाला ताप आहे.”

“हळू बोला.”

“घरी जाऊ या. किंवा निदान सुनेला...”

“साहेब, आज मी ताप आला म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल?” त्या हसल्या. “मीसुद्धा नाही ठेवणार. रात्रभर स्वतःला विचारतेय, हा खरा की घड्याळजीचा. थर्मामीटर म्हणतो खरा. पण थर्मामीटर काय, तो माझ्याच घरचा.”

आत त्या बाकावर ताठ बसून राहिल्या. मधेच एकदा त्यांना खरोखर खोकला आला. त्यांनी पदर तोंडावर दाबून तो गिळला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सुनेनं सही करून वळून पाहिलं. काकूंनी मान हलवून खुणावलं, काही नाही, पुढचं बघ. इस्त्रीवाला छताकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं, त्याचे खांदे हलत होते. हसू की दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

सून आणि वायरमन गाडीत बसून गेल्यावर मी काकूंना दवाखान्यात नेलं. घसा सुजला होता. ताप दोन दिवसांत उतरला. शेजारीण रोज येऊन बघून जात होती आणि फोनवर अहवाल देत होती, “आज खरा. आज थोडा खरा. आज काही नाही, उगीच कण्हतायत.”

काकू कामावर परतल्या तेव्हा वेणीऐवजी अंबाडा होता, वाकडा बांधलेला, पण स्वतःचा. धाकटीनं न विचारता पुस्तक त्यांच्या हातात दिलं. घड्याळजी तिनं पुढं नेला नव्हता. खोली थांबली होती. काकूंनी मागं जाऊन ती गाळलेली पानं पहिल्यापासून वाचली. बारीक आवाज, छोटा खोकला, अंदाज, मोठा खोकला. सगळे हसले. काकूही हसल्या, वाचता वाचता त्यांना थांबावं लागलं.

पुढं पुस्तक उदास होत गेलं. मास्तर दुसरीकडे लग्न करतो. भाची घरातच राहते. म्हाताऱ्याचा खोकला कायमचा बरा होतो. शेवटच्या प्रकरणात दोघं भिंतीवरच्या घड्याळांखाली बसलेले असतात आणि बोलायला काही नसतं म्हणून भाची किल्ल्या द्यायला उठते, तेव्हा म्हातारा म्हणतो, “दिल्यात की मघाशी.” एवढंच. संपलं.

धाकटी चिडली. “हा काय शेवट झाला? म्हाताऱ्याला एकदा तरी कळायला नको का?”

“त्याला कसं कळेल?” काकू म्हणाल्या. “त्याला तो कुणी वाचून दाखवला नाही.”

मावशींनी बटणाला गाठ मारून दातानं दोरा तोडला. खाली यंत्रांची सुट्टी झाली होती. प्रत्येकानं उठून आपल्या ढिगातले नग काकूंच्या ढिगात ठेवले. इस्त्रीवाला सर्वांत शेवटी आला. सदरे ठेवून तो तिथंच घुटमळला.

“काकू, त्या घड्याळजीचं मी म्हणालो होतो ना, माझा सासरा म्हणून.”

“हो. मग?”

“नसावा बहुतेक.”

“मग कोण?”

त्यानं इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. “माझा थोरला मुलगा चित्रकलेच्या शाळेत जायचं म्हणतोय. तो विषय निघाला की माझी कंबर धरते,” तो म्हणाला. “साहेब, ते पुस्तक उद्याच परत करू नका. मला घरी हवंय.”

मी कार्डावरची मुदत वाढवून आणली.